नातवाचा स्वभाव का बदलला? विल्सनच्या आजाराची ओळख



आपल्या मंडळींत तब्येतीच्या गोष्टी निघाल्या की गाडी डायबेटिस, ब्लडप्रेशर आणि गुडघे या तीन स्टेशनांवर हमखास थांबते. या लेखात आम्ही तुमच्या आजाराविषयी लिहीत नाही. हा आजार तुमच्या नातवंडांच्या वयाचा आहे. तो दुर्मिळ आहे, साधारण ३०,००० माणसांत एकाला होतो. मग त्यावर एवढे लिहायचे कशाला? कारण तो वारशाने येतो, आणि पुष्कळदा तो हातापायांत दिसण्याआधी माणसाच्या स्वभावात दिसतो. घरातल्यांना वाटते मुलगा बिघडला. प्रत्यक्षात त्याचे यकृत बिघडलेले असते. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे. वारशाने येणाऱ्या बहुतेक आजारांवर आजही रामबाण औषध नाही, पण यावर चांगले औषध आहे. ते वेळेवर सुरू झाले तर मुलगा शिकतो, नोकरी करतो, संसार करतो. आजार ओळखलाच गेला नाही तर जीव जातो.

या आजाराचे नाव विल्सनचा आजार. हिब्रूत त्याला ‘माखलात विल्सन’ म्हणतात. दोन्ही नावे लक्षात ठेवावीत, पुढे उपयोगी पडतील.

तांब्याचे काम आणि तांब्याची अडचण

तांबे म्हटले की आपल्याला घंगाळ, हंडा आणि दारावर येणारा कल्हईवाला आठवतो. पण तांबे आपल्या शरीरालाही लागते. रोज एक मिलिग्रॅमही पुरते, इतके थोडे. आपल्या जेवणातून मात्र त्याहून अधिक तांबे पोटात जाते. धान्यात, डाळींत, सुक्यामेव्यात, कलेजीत, सगळीकडे ते असते.

जास्तीचे तांबे बाहेर टाकण्याचे काम यकृताचे, म्हणजे हिब्रूतल्या ‘कावेद’चे. यकृत ते पित्तात सोडते आणि शौचावाटे ते निघून जाते. यासाठी यकृताच्या पेशींत एक वाहक प्रथिन असते. ते तांबे उचलून पित्ताच्या वाटेला लावते. हे प्रथिन कसे घडवायचे याची कृती ज्या जनुकात लिहिलेली असते, तो जनुक शास्त्रज्ञांना १९९३ साली सापडला. आपल्याकडे प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली, एक वडिलांकडून. या जनुकाच्या दोन्ही प्रती सदोष असल्या तर वाहक नीट काम करत नाही.

मग काय होते? न्हाणीची मोरी तुंबली की पाणी आधी न्हाणीत साठते, आणि मग उंबरा ओलांडून घरात शिरते. तसेच तांबे आधी यकृतात साठते. यकृतात जागा उरली नाही की रक्तातून ते मेंदूत, डोळ्यांत आणि मूत्रपिंडात पोचते. मेंदूत खोलवर काही केंद्रे आहेत. हातापायांच्या हालचाली सुरळीत ठेवणे हे त्यांचे काम. राग आवरणे, मन एका गोष्टीवर ठेवणे, काय बोलावे आणि काय बोलू नये याचे भान राखणे, या कामांतही त्यांचा वाटा असतो. तांबे नेमके तिथे जास्त नुकसान करते. म्हणून हा आजार शरीराचाही आहे आणि मनाचाही.

दोष जन्मापासून असतो, पण तांबे साठायला वर्षे लागतात. त्यामुळे आजार बहुधा पाच ते पस्तीस या वयात दिसू लागतो. क्वचित म्हातारपणीही निदान झाले आहे. लहान मुलांत बहुतेक वेळा यकृताची तक्रार आधी दिसते : कावीळ, थकवा, पोट फुगणे, पायांवर सूज. किशोरवयात आणि तरुणपणी मेंदूची आणि मनाची लक्षणे अधिक दिसतात. मुलगा असो की मुलगी, आजार दोघांनाही सारखाच होतो.

डॉ. सॅम्युअल अलेक्झांडर किनिअर विल्सन यांनी लंडनमध्ये १९१२ साली या आजाराचे सविस्तर वर्णन केले, म्हणून त्यांचे नाव त्याला मिळाले. मेंदू आणि यकृत दोन्ही एकाच वेळी बिघडतात, हे त्यांनी दाखवून दिले. रोग्यांच्या मनावर होणारा परिणामही त्यांनी तेव्हाच नोंदवला होता. म्हणजे आजाराची ही बाजू काही नव्याने कळलेली नाही, पण घराघरांत ती अजून पोचलेली नाही.

स्वभावात काय बदल होतो?

पहिला बदल बहुधा चिडचिडीचा. शांत मुलगा क्षुल्लक कारणावरून भडकतो, दार आपटतो, भांडी फेकतो. दहा मिनिटांनी त्याला स्वतःलाच कळत नाही की एवढा राग कशाचा होता.

दुसरा बदल भीड सुटण्याचा. आजवर मोठ्यांसमोर जपून बोलणारी मुलगी चारचौघांत भलतेच बोलून जाते. पैसे उधळणे, विचार न करता धोका पत्करणे, खोटे बोलणे, हेही काहींत दिसते. घरच्यांना हा उद्धटपणा वाटतो. पण मनाला लगाम घालणारी मेंदूतली यंत्रणाच इथे सैल झालेली असते.

तिसरा, हसू आणि रडू आवरत नाही. साध्या बोलण्यावर डोळ्यांतून पाणी येते, किंवा दुःखाच्या प्रसंगी हसू फुटते. याच्याच जोडीला एक फसवे लक्षण आहे. काहींच्या चेहऱ्याचे स्नायू ताठरतात आणि ओठ ताणले जाऊन चेहऱ्यावर सतत हसू असल्यासारखे दिसते. शिक्षक रागावले तरी मुलगा हसतोच आहे, असे लोकांना वाटते. प्रत्यक्षात तो हसत नसतो. अशा मुलांना या न हसलेल्या हसण्यापायी बोलणी खावी लागतात.

चौथा, अभ्यासात घसरण. बुद्धी जात नाही, आठवणीही फारशा जात नाहीत. पण विचार मंदावतो, लक्ष टिकत नाही, कामाचा क्रम लावता येत नाही. जो मुलगा गणितात पुढे होता तो बगरूतच्या वर्षी नापास होऊ लागतो.

पाचवा, उदासी. झोप बिघडते, मित्र सुटतात, खोलीचे दार बंद राहते. ही उदासी खोल असू शकते आणि जिवावर बेतू शकते. नातवंडाने ‘जगून काय करायचे’ असे काही म्हटले तर ते बोलणे हसण्यावारी नेऊ नये. त्याच दिवशी त्याच्या आईवडिलांना आणि डॉक्टरांना सांगावे. एरान या संस्थेच्या १२०१ या क्रमांकावर रात्री-अपरात्रीही बोलता येते.

थोड्या जणांत भास होणे, विनाकारण संशय घेणे असेही प्रकार दिसतात. मग त्यांच्यावर मनोविकाराचा शिक्का बसतो आणि यकृताकडे कोणी पाहतच नाही.

शरीर कोणत्या खुणा देते?

वयात येणारी सगळीच मुले थोडीबहुत चिडतात. त्यांच्यापैकी जवळजवळ कोणालाही हा आजार नसतो. तेव्हा नातू एकदा उलट बोलला म्हणून घाबरून जायचे कारण नाही. पण स्वभावातल्या बदलाबरोबर पुढच्या खुणांपैकी एखादी-दुसरी दिसली, तर गोष्ट वेगळी आहे.

हस्ताक्षर बिघडते, अक्षरे बारीक आणि वाकडी होतात. बोलणे जड किंवा पुटपुटल्यासारखे होते. तोंडातून लाळ गळते. हात लांब करून धरला तर थरथरतो, आणि चहाचा कप बशीवर खडखड वाजतो. चालताना तोल जातो, शर्टाची बटणे लावायला वेळ लागतो. नाकातून वारंवार रक्त येणे, अंगावर सहज काळेनिळे डाग पडणे, मुलीची पाळी बंद होणे, या यकृताकडे बोट दाखवणाऱ्या खुणा आहेत. आधी कधी कारण न सापडलेली कावीळ होऊन गेली असेल तर तीही आठवून सांगावी.

आपण आजी-आजोबा इथे फार कामाचे आहोत, असे आम्हांला मनापासून वाटते. आईबाप मुलाला रोज पाहतात, त्यामुळे हळूहळू होणारा बदल त्यांच्या नजरेत भरत नाही. आपण दर शब्बाथला किंवा सणासुदीला पाहतो. मागच्या पेसाखला कसा होता आणि या पेसाखला कसा आहे, हा फरक आपल्या चटकन लक्षात येतो. तो फरक जिभेवर न ठेवता योग्य ठिकाणी सांगायला हवा.

चुकीची कारणे

अशा मुलाविषयी आपल्याकडे काय काय बोलले जाते, ते आपण सगळ्यांनी ऐकले आहे. दृष्ट लागली. संगत वाईट. आईने लाडावून ठेवला. सैन्यात गेला आणि तिथला ताण सोसला नाही. काही घेत असेल. यांतले एखादे कारण कधी खरेही असेल. पण कारण आधी ठरवून टाकले की तपासणी राहून जाते. मग मुलगा दोन-तीन वर्षे शिक्षकांची, अधिकाऱ्यांची आणि घरच्यांची बोलणी खात राहतो, आणि तेवढ्या काळात तांबे साठतच जाते. गेलेला वेळ परत मिळत नाही. मेंदूचे काही नुकसान औषधाने भरून येते, काही येत नाही.

तपासणी कशी होते?

जन्मल्यावर बाळाच्या टाचेतून रक्त घेऊन जी तपासणी होते, तिच्यात हा आजार नसतो. तो मुद्दाम शोधावा लागतो. सुरुवात कुपात होलिममधल्या आपल्या नेहमीच्या फॅमिली डॉक्टरांपासूनच करावी. त्यांना इतकेच विचारावे : “हा विल्सनचा आजार असू शकेल का?” हिब्रूत तांब्याला ‘नेखोशेत’ म्हणतात. हा एक शब्द उच्चारला तरी डॉक्टरांना आपला रोख कळेल.

रक्तात सेरुलोप्लाझ्मिन नावाचे तांबे वाहून नेणारे प्रथिन मोजतात. या आजारात ते बहुधा कमी असते. चोवीस तासांची लघवी साठवून तिच्यातले तांबे मोजतात, ते वाढलेले असते. यकृताची रक्ततपासणी होते. डोळ्यांचे डॉक्टर स्लिट लॅम्पने बुबुळाची कड पाहतात. तिथे तांब्याचे तपकिरी-हिरवट कडे दिसू शकते. कायझर आणि फ्लायशर या दोन जर्मन डॉक्टरांनी १९०२ आणि १९०३ साली या कड्याचे वर्णन केले होते. आपल्या लोकांचे डोळे काळेभोर, त्यामुळे नुसत्या नजरेला ते कडे दिसत नाही. यंत्रच लागते. गरजेप्रमाणे मेंदूचा एमआरआय, जनुकाची तपासणी आणि क्वचित यकृताचा तुकडा काढून तपासणी करतात. एकाच तपासणीवर निर्णय होत नाही. एक आकडा बरा आला म्हणून समाधान मानून घरी बसू नये.

डॉक्टरांकडे जाताना एक कागद न्यावा. बदल कधीपासून, काय काय, हे चार ओळींत लिहावे. शक्य असल्यास मुलाची दोन वर्षांपूर्वीची वही आणि आताची वही दोन्ही न्याव्यात. लांबलचक हकिकतीपेक्षा त्या दोन वह्या जास्त बोलतात.

‘तुमच्याकडून आला की आमच्याकडून?’

निदान झाले की व्याही-विहिणींत हा प्रश्न उभा राहतो. उत्तर सरळ आहे : दोघांकडून. सदोष प्रत आईकडून एक आणि वडिलांकडून एक अशा दोन मिळाल्या, तरच आजार होतो. आईबापांकडे प्रत्येकी एक सदोष आणि एक चांगली प्रत असते. त्या चांगल्या प्रतीवर त्यांचे काम भागते, म्हणून ते निरोगी राहतात. सदोष प्रत पिढ्यान्‌पिढ्या कोणाला पत्ता न लागता चालत येते. साधारण नव्वद माणसांत एकाजवळ ती असते. यात कोणाचे पाप नाही आणि कोणत्या घराण्याला बट्टा नाही.

हा आजार जगभर आहे, तो काही बेने इस्राएलांचा म्हणून वेगळा आजार नाही. मात्र कोणत्याही लहान समाजात, जिथे सोयरिकी आपसांत होतात, आणि मामे-आते भावंडांची लग्ने लागतात, तिथे दोन सदोष प्रती एकत्र येण्याचा संभव वाढतो. अष्टमी, रोहा, पेण, पनवेल इथल्या आपल्या जुन्या घरांत कोण कोणाचा कोण लागतो, हे आता तुम्हांलाच ठाऊक आहे. ती नाती लिहून ठेवा. जनुकांविषयी सल्ला देणाऱ्या डॉक्टरांना अशी वंशावळ हवीच असते.

एका मुलाला आजार निघाला तर त्याच्या प्रत्येक सख्ख्या भावंडाला तो असण्याची शक्यता चारांत एक. म्हणून सगळ्या भावंडांची तपासणी करावी, ठणठणीत दिसणाऱ्यांचीसुद्धा. ‘मुलीचे लग्न व्हायचे आहे, बोभाटा नको’ म्हणून तपासणी टाळणे म्हणजे त्या मुलीवरच अन्याय करणे. लक्षणे दिसण्याआधी औषध सुरू झाले तर बहुधा ती कधी दिसतच नाहीत. त्या मुलीची लग्ने-बाळंतपणेही इतरांसारखी पार पडू शकतात. गरोदरपणात डॉक्टरांच्या देखरेखीखाली औषध मात्र चालू ठेवावे लागते.

तांब्याच्या भांड्यांचा दोष का?

हा प्रश्न आजीबाई हमखास विचारतात. विल्सनचा आजार भांड्यांमुळे होत नाही. निरोगी यकृत जास्तीचे तांबे बाहेर टाकते. पण या प्रश्नामागे एक खरी गोष्ट आहे. भारतात पूर्वी तान्ह्या मुलांना यकृताचा एक जीवघेणा विकार होत असे. १९८०च्या दशकात पुण्याच्या केईएम हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी इंग्रज सहकाऱ्यांबरोबर त्याचा अभ्यास केला. पितळेच्या आणि तांब्याच्या भांड्यांत तापवलेल्या व ठेवलेल्या दुधातून फार तांबे बाळांच्या पोटात जात होते, असे त्यांना आढळले. ती भांडी वापरातून गेली तसा तो विकारही जवळजवळ नाहीसा झाला. तो आजार वेगळा. पण कल्हईशिवाय भांडे वापरू नये हा आपल्या आयांचा नियम किती शहाणपणाचा होता, हे त्यावरून कळते.

ज्याला विल्सनचा आजार आहे त्याने तांब्याच्या भांड्यातले पाणी पिऊ नये, त्यात शिजवलेले खाऊ नये. कलेजी टाळावी. शिंपले-कालवे हे तांब्याचे कोठार, पण ते आपल्या घरात येतच नाहीत. सुकामेवा, चॉकलेट, अळंबी यांवर, निदान पहिल्या वर्षात, बंधन असते. नातू आला की बदाम-पिस्त्यांची बशी पुढे करायची आपली सवय आहे. या एका नातवासाठी बशीत फळे ठेवावीत. पण नुसत्या पथ्याने आजार आटोक्यात येत नाही. औषध लागतेच.

उपचार आणि घरातली माणसे

१९५६ साली डॉ. जॉन वॉल्श यांनी पेनिसिलामीन हे औषध पुढे आणले. ते तांब्याला धरून लघवीवाटे बाहेर काढते. त्याआधी या आजाराचे निदान म्हणजे बहुतेक मृत्युपत्रच असे. आता त्याच्या जोडीला ट्रायेन्टीन आहे, आणि आतड्यांतून तांबे शोषू न देणारे जस्तही आहे. यकृत फारच निकामी झाले तर यकृत बदलण्याची शस्त्रक्रिया करतात.

औषध सुरू झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांत लक्षणे कधी कधी वाढतात. घाबरून आपल्या मनाने औषध बंद करू नये, डॉक्टरांना कळवावे. सुधारणा महिन्यांच्या हिशेबाने होते, आणि मन बहुधा सर्वांत शेवटी सावरते. तोवर मनाच्या डॉक्टरांचीही मदत घ्यावी लागते. मात्र त्यांना विल्सनच्या आजाराची कल्पना आधी द्यावी, कारण काही मानसिक औषधांनी या रोग्यांचे शरीर जास्तच ताठरते.

गोळ्या जन्मभर घ्यायच्या असतात. सर्वांत मोठा धोका आजार बरा वाटू लागल्यावरच येतो. तरुण मुलगा कंटाळतो, ‘मला काही झालेले नाही’ म्हणून गोळ्या सोडतो. काही महिने काही वाटत नाही. मग एकदम यकृत कोसळते. म्हणून ‘आता चांगला दिसतोस, कशाला एवढ्या गोळ्या?’ हे वाक्य आपल्या तोंडून चुकूनही जाऊ नये. किप्पूरच्या उपासाला गोळ्यांचे काय करायचे, हे डॉक्टरांना आणि राबींना आधीच विचारून ठेवावे. आपल्या मनाने ठरवू नये.

आणि त्या मुलाशी बोलायचे कसे? ‘तू असा का वागलास?’ याचे उत्तर त्याच्याजवळ नसते. भडकल्यावर वाद घालू नये, शांत झाल्यावर बोलावे. त्याचे जड झालेले बोलणे आपण घाईने पुरे करू नये, वाट पाहावी. आजाराच्या दिवसांत तो जे बोलला ते पुन्हा पुन्हा उगाळू नये. आजार समजला म्हणजे सगळे वागणे माफ असे नव्हे. घरातले नियम त्यालाही असावेत, पण शिक्षेआधी समज यावी. आईबाप आधीच स्वतःला दोष देत असतात, त्यांना आपण आणखी देऊ नये.

वाचकहो, आपल्यापैकी फारच थोड्या घरांत हा आजार असेल. पण ज्या एका घरात असेल तिथे कोणीतरी तो शब्द उच्चारायला हवा. आमची विनंती एवढीच की हा अंक वाचून झाल्यावर तुमच्या लेकीला किंवा सुनेला द्या, आणि त्यांना मराठी वाचता येत नसेल तर या लेखातली चार वाक्ये हिब्रूत सांगा. तुम्हां सर्वांना आणि तुमच्या मुलानातवंडांना उत्तम आरोग्य लाभो.